चौथे शील आणि सिनेमाची चाल

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. कचेरीला सुट्टी असते, म्हणून तो वर्ग आमच्याकडे आला. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिथे एक उद्योग करून बसलो. मुलांना पंचशील काही केल्या पाठ होईना, तेव्हा एका गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर ते बसवले. कल्पना आमची नव्हे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातली पाच वर्षांची पोर बायबलची वचने गाऊन दाखवायची. संडे स्कूलमध्ये त्यांना वचनाला छोटीशी चाल लावून देतात, अध्यायाचा आकडासुद्धा चालीतच घेतात. पोर एक शब्द चुकत नसे. म्हटले, आपल्या मुलांना का जमू नये?

दोन रविवारांत मुले गाऊ लागली. पालक खूष, आम्ही त्याहून खूष. पुढे एका कार्यक्रमात पाहुण्यांनी आमच्याच मुलीला विचारले, "बाळ, चौथे शील कोणते?" तिने पहिल्यापासून गायला सुरुवात केली. पाहुण्यांनी थांबवले, तर पुढचे आठवेना. अर्थ विचारला, तर गप्प. रात्री रडत म्हणाली, "पप्पा, मला येतं, पण गाण्याशिवाय येत नाही."

वर्गाला एक आजी येऊन बसतात. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, पण अख्खी वंदना तोंडपाठ. जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणणारी ती पिढी. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या चालीनं शब्दच तुटला. वेरमणी म्हंजी लांब राहनं. पोरं 'वेर' म्हनून थांबत्यात, मंग 'मणी' म्हनत्यात. कशाचा मणी, गळ्यातला?"

चूक ध्यानात आली. पंचशील हे गद्य आहे. त्याला सिनेमाच्या मापात कोंबले की शब्द मोडणारच. धम्मपदाचे तसे नाही. त्यातल्या 423 गाथांपैकी बहुतेकांत आठ-आठ अक्षरांचे चार चरण असतात. लय त्यांच्या पोटातच आहे, बाहेरून आणावी लागत नाही.

वाचकहो, बुद्धवचन कित्येक शतके कागदावर नव्हतेच. दीघनिकाय पाठ असणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय पाठ असणारे मज्झिमभाणक, अशा भिक्खूंनी ते मुखोद्गत जपले. सुत्तांत तीच तीच वाक्ये पुन्हा येतात, त्याचा आपल्याला कंटाळा येतो; पण ती पाठांतराची सोय होती. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळात ते ग्रंथ लिहिले गेले. विनयातल्या चुल्लवग्गात तर आमच्या उद्योगाचीच गोष्ट आहे. लांबलचक गाण्याच्या सुरात धम्म म्हणायला तिथे भिक्खूंना मनाई केली आहे आणि त्याचे पाच दोष दिले आहेत. पहिला दोष असा, की गाणारा आपल्याच आवाजावर भाळतो! मात्र सरभञ्ञ म्हणजे सुस्वर पठणाला मोकळीक आहे. सोण कुटिकण्ण याने अट्ठकवग्ग असा सुस्वर म्हटला, तेव्हा भगवंतांनी त्याची वाखाणणी केली.

हा नियम भिक्खूंचा, मुलांचा नव्हे. आणि गाण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. वामनदादा कर्डकांची गाणी नसती तर बाबासाहेबांचा विचार कित्येक खेड्यांत उशिरा पोचला असता. पण गाणे निराळे आणि पाठ निराळा, एवढे आम्ही शिकलो.

आता सिनेमाची चाल बंद. एकेक ओळ साध्या लयीत, शब्द न तोडता. आजी पुढे म्हणतात, मुले मागून. मग आम्ही उलटसुलट विचारतो, कधी पाचवे, कधी दुसरे. अर्थ मराठीत, घरातले उदाहरण देऊन. वेळ दुप्पट लागतो. दोन मुले कंटाळून यायची बंदही झाली, ते खोटे कशाला सांगा.

परवाच्या रविवारी मुलीला चौथे शील विचारले. तिने न गाता, न अडखळता सांगितले. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहणे, असा अर्थही सांगितला. उदाहरण दे म्हटल्यावर म्हणाली, "त्या दिवशी भिशीवाले काका आले, तेव्हा पप्पा घरात नाहीत असं तुम्ही मला सांगायला लावलंत, ते."

आजी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. आम्ही हजेरीपट उघडला.