जुन्या गाडीचे तेल आणि पंचांग



या सदरात एरवी ठेवी, वारसनोंद आणि आयकर यांचीच चर्चा होते. परंतु एक प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत आहे, आणि चातुर्मास जवळ आल्याने त्याचे उत्तर आताच दिलेले बरे. गाडी पंधरा-सोळा वर्षांची झाली. मुलगा म्हणतो, महागातले सिंथेटिक ऑइल घाला. गॅरेजमधील मिस्त्री म्हणतो, इंजिन जुने झाले, आता जाड ऑइलच हवे. ऐकावे कोणाचे?

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एवढ्या वयाच्या गाडीचे इंजिन उतरवून बांधण्याचा खर्च पुष्कळदा तिच्या बाजारभावाला जाऊन भिडतो. म्हणजे इंजिन गेले की गाडीच गेली. ज्या घरात ती वडीलधाऱ्यांना मंदिरात आणि दवाखान्यात नेणारी एकमेव सोय असते, तेथे हे नुकसान केवळ पैशात मोजता येत नाही.

प्रथम डब्यावरील आकडे समजून घेऊ. ‘२०डब्ल्यू-४०’ यातील डब्ल्यू हे ‘विंटर’चे आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहील हे सांगतो. तो जितका लहान तितके तेल लवकर वर पोहोचते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसचा, दाटपणा सांगतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा पहिल्या आकड्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे अनेकांना वाटते. परंतु रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेल ऑइल चेंबरमध्ये उतरलेले असते. सकाळी किल्ली फिरवल्यापासून ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेतोवर जे क्षण जातात, त्यांतच इंजिनाची झीज अधिक होते. ही गोष्ट पुण्यात आणि सोलापुरातही तितकीच खरी आहे.

आता मिस्त्रींच्या म्हणण्याकडे येऊ. ते एका परिस्थितीत बरोबर आहेत. इंजिन तेल ‘पिऊ’ लागले असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, दर महिन्याला वरून तेल घालावे लागत असेल, तर एक पायरी जाड तेलाने ते पिणे थोडे कमी होते. तो उपचार मात्र नव्हे, मुदतवाढ आहे. निरोगी इंजिनाला केवळ वय झाले म्हणून जाड तेल देणे मला मान्य नाही. साठी उलटली म्हणून कोणी प्रत्येकाच्या हातात काठी देत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील अनेक पेट्रोल गाड्यांची रचनाच ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलासाठी आहे. त्यांतील तेलाच्या वाटा अरुंद असतात आणि तेथे जाड तेल वेळेवर पोहोचत नाही. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कपाटातून शोधून काढावी. त्यात लिहिलेला ग्रेड हाच पहिला आधार, मग सल्लागार कितीही अनुभवी असो.

ज्यांनी प्रीमिअर पद्मिनी किंवा जुनी अ‍ॅम्बेसेडर हौसेने जपली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्या इंजिनांत कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात. त्यांच्या रक्षणासाठी तेलात जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग घातलेले असते. फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागला, म्हणून २००४ नंतरच्या दर्जांत पातळ ग्रेडच्या तेलांमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. तेव्हा पद्मिनीत नव्या गाडीचे महाग, पातळ तेल ओतणे हा लाड नव्हे, अपाय आहे. तिला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हे साधे खनिज तेलच मानवते.

आणि सिंथेटिक? चांगलेच असते. उष्णता अधिक सोसते, थंडीत सहज वाहते. मात्र वर्षानुवर्षे तेलबदल चुकलेल्या इंजिनात सीलभोवती साचलेला गाळ कधी कधी त्याने धुऊन निघतो आणि आजवर लपलेली गळती उघडी पडते. दोष तेलाचा नसतो, पण गॅरेजच्या जमिनीवर डाग दिसतोच.

माझ्या मते मात्र खरी चूक ग्रेड निवडण्यात होतच नाही. ती होते तेल किती काळ ठेवावे यात. ‘दहा हजार किलोमीटरला तेल बदलावे’ एवढेच लोक लक्षात ठेवतात. पुस्तिकेत त्यापुढे ‘किंवा ठरावीक महिने, जे आधी होईल ते’ असे असते, ते कोणी वाचत नाही. आपल्या वयाच्या माणसांची गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही धावत नाही. घर ते मंदिर, मंदिर ते भाजीबाजार. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते. त्यातील बरेचसे वाफ होऊन सायलेन्सरवाटे जाते, पण थंड इंजिनात काही वाफ झिरपून तेलात उतरते, आणि न जळलेले थोडे पेट्रोलही. या मिश्रणातून आम्ले तयार होतात आणि ती बेअरिंगला खात बसतात. मीटरवर आकडा वाढलेला नसतो. तेल मात्र निकामी झालेले असते. ठेवीची मुदत जशी तारखेने संपते, तशी अशा गाडीच्या तेलाचीही. वर्षातून एकदा ते बदलावेच. तीन हजार किलोमीटरच झाले म्हणून हळहळू नये.

आपल्यातील पुष्कळ श्रावक-श्राविका चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घालून घेतात आणि गाडी महिनोन् महिने झाकून ठेवली जाते. त्यांनी तेल चातुर्मासानंतर न बदलता आषाढी चौदसच्या आधीच बदलावे, म्हणजे जुन्या तेलातील आम्ले चार महिने इंजिनात मुरत राहणार नाहीत. मधूनमधून नुसते पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे टाळावे. त्याने पाणी साचण्याचे काम तेवढे होते. चालवायचीच तर वीस-पंचवीस किलोमीटर न्यावी.

पातळी महिन्यातून एकदा पाहावी: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, काडी पुसून पुन्हा बुडवून. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते दुधाळ, लोण्यासारखे दिसले तर मात्र त्यात पाणी शिरले आहे असे समजून गाडी मिस्त्रींना दाखवावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नये. जास्त तेलाला फेस येतो.

खरेदी सीलबंद डब्यात आणि पावतीसह करावी. रिकामा डबा आपल्यासमोर कापायला सांगावा, नाहीतर तो भेसळीच्या तेलाने भरून पुन्हा विक्रीस येऊ शकतो.

राहिले जुने, काळे तेल. पुष्कळ घरांत ते वाळवीसाठी चौकटींना फासायला मागून आणतात, काही गॅरेजवाले गटारात सोडतात. पहिल्यात उघड जीवहिंसा आहे. दुसऱ्यात ते ओढ्या-नदीत जाऊन अप्काय जीवांसह सगळ्याच जलचरांना बाधते. कायद्यानेही हे घातक टाकाऊ द्रव्य आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. तेल बदलण्यास गाडी सोडताना आपले जुने तेल पिंपात साठवून कोणाला देतात, एवढे विचारावे. नीट उत्तर मिळाले नाही, तर दुसरे गॅरेज पाहावे.