करार झाला, मग पुतळा कशाला?

सोलमध्ये जपानी दूतावासासमोर बसवलेली ती मुलगी एकदाची हलवा, म्हणजे जपान-कोरियाचं वैर मिटेल, असं सांगणारे पुष्कळ आहेत. माफी मागून झाली, पैसे देऊन झाले, आता मढी उकरून काय मिळणार? वरवर समंजस वाटणारा हा सवाल मुळात खोटा आहे.

आधी तो पुतळा नीट पाहावा. किम सो-ग्यंग आणि किम उन-सोंग या शिल्पकार दांपत्याने घडवलेली ब्राँझची मुलगी हानबोक हा कोरियन पोशाख घालून खुर्चीवर बसली आहे. केस वेडेवाकडे कापलेले, मुठी मांडीवर आवळलेल्या, पाय अनवाणी आणि टाचा किंचित उचललेल्या. शेजारची खुर्ची रिकामी. मागे जमिनीवर सावली आहे, तीही मुलीची नव्हे, म्हातारीची. हातात शस्त्र नाही, पायाखाली कुणाचा झेंडा नाही. जपानी सैन्याच्या कुंटणखान्यांत डांबलेल्या मुलींचं हे स्मारक १४ डिसेंबर २०११ रोजी उभं राहिलं. १९९२पासून दर बुधवारी तिथे होणाऱ्या निदर्शनांची ती हजारावी खेप होती. यात जपानद्वेष कुठे कोरला आहे, ते आक्षेप घेणाऱ्यांनीच दाखवावं.

माफीची गोष्ट खरी आहे. १९९३च्या कोनो निवेदनात जपान सरकारने सैन्याचा सहभाग कबूल करून क्षमा मागितली. पण २००७ मध्ये पंतप्रधान शिंजो आबे बळजबरीचा पुरावाच नाही म्हणू लागले. लष्कराचा हात दाखवणारे कागद तर १९९२ मध्येच योशिमी योशिआकी या जपानी इतिहासकाराने जपानच्याच संरक्षण खात्याच्या ग्रंथालयातून बाहेर काढले होते! पुढे दोन्ही सरकारांमधला डिसेंबर २०१५चा करार आला: जपानकडून १ अब्ज येन, 'अंतिम आणि अपरिवर्तनीय' तोडगा, आणि पुतळ्याचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू ही कोरियाची हमी. ज्या म्हाताऱ्या बायकांच्या नावाने हे ठरलं, त्यांना धड विचारलंही नव्हतं, असं कोरियन सरकारच्याच समितीने २०१७ मध्ये नोंदवलं. फिर्यादीला दाराबाहेर बसवून केलेली तडजोड कोण मानणार?

राहिला शेवटचा टोला: व्हिएतनाममध्ये कोरियन सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली, त्याचं काय? टोला वर्मी आहे, पण तो कोरियन सरकारच्या. पुतळेवाल्यांना तो लागत नाही. याच दांपत्याने त्या बळींसाठी तान्ह्याला कवेत घेतलेल्या आईचं 'व्हिएतनाम पिएता' हे शिल्प घडवलं. २०१७ मध्ये ते जेजू बेटावर बसलं. आणि स्वतः जपानी सैन्याच्या कुंटणखान्यांच्या नरकातून आलेल्या किम बोक-दोंग यांनी २०१२ मध्ये इतर देशांतल्या युद्धपीडित स्त्रियांसाठी निधी सुरू केला. एवढं मोठं मन दूतावासांत क्वचितच सापडतं.

सॅन फ्रान्सिस्कोत असंच स्मारक झालं म्हणून ओसाकाने २०१८ मध्ये त्या शहराशी असलेलं साठ वर्षांचं नातं तोडलं. मनिलातला असाच पुतळा त्याच वर्षी रातोरात काढला गेला. जपानला विषय खरंच मिटवायचा असेल, तर पुतळ्यांमागे धावणं सोडून त्याने कोनो निवेदन आपल्या शाळांत शिकवावं. इतिहास शिकवून ही आठवण जपू, असं वचन त्या निवेदनातच दिलेलं आहे.