मोठी लाट की चांगली लाट?



जहाज बांधणाऱ्या एखाद्या अभियंत्याला विचारा, "तुमचे जहाज किती मोठ्या लाटा उठवते?" तो अभिमानाने सांगेल, "अगदी लहान!" आणि त्याचे बरोबरच आहे. लाट उठवायची म्हणजे पाणी वर उचलायचे. त्याला ऊर्जा लागते आणि ती येते इंजिनात जळणाऱ्या इंधनातून. म्हणजे जहाजामागे पसरत जाणारी लाट हे वाया गेलेले इंधनच होय. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे लांबलचक हौद उभारला आणि त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाण्याचा रोध मोजला. तेव्हापासून जहाजबांधणीशास्त्राची खटपट चालू आहे ती हा रोध कमी करण्याची.

आता याच्या नेमका उलटा प्रकार पाहा. अमेरिकेतील तळ्यांवर वेकसर्फिंग नावाचा खेळ गेल्या काही दशकांत फार लोकप्रिय झाला आहे. पुढे मोटारबोट, मागे दोर धरून फळीवर उभा असलेला खेळाडू. बोटीमागची लाट पायाखाली आली की खेळाडू चक्क दोर सोडून देतो, आणि तरीही बोटीच्या मागोमाग जात राहतो! तो लाटेच्या उतारावरून सतत घसरत असतो. पण लाट स्वतःच पुढे सरकत असल्यामुळे उतार कधी संपत नाही. घसरगुंडीच पुढे पळावी, तसे हे आहे. गुरुत्वाकर्षण त्याला उतारावरून पुढे ओढते, पाण्याचा रोध मागे खेचतो. दोन्ही समतोल झाले की झाले. ऊर्जा मात्र फुकट मिळत नाही. दोर सुटला तरी खेळाडूला ओढते ते बोटीचे इंजिनच, फक्त आता लाटेच्या मार्फत.

अशी लाट मिळावी म्हणून बोट 'लावावी' लागते, जशी तंबोऱ्याची तार लावावी लागते. बरेच हौशी लोक यावर एकच उपाय जाणतात : बोटीत आणखी वजन भरा. माझे स्पष्ट मत असे आहे की हे अर्धेच भौतिकशास्त्र झाले. बोट चांगली लागली असे केव्हा म्हणावे? कमीत कमी पाणी ढवळून हवा तो आकार मिळाला, आणि खेळ संपल्यावर ती लाट कोठे जाते याचाही विचार झाला, तरच. माझे म्हणणे तुम्ही स्वतः तपासून पाहा.

प्रथम वेग घेऊ. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या तरंगलांबीवर अवलंबून असतो. वेगाचा वर्ग करा, त्याला ६.२८ ने गुणा आणि ९.८ ने भागा; तरंगलांबी मीटरमध्ये मिळेल. बोटीमागची लाट बोटीच्याच वेगाने येते. बोट ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर तरंगलांबी सुमारे १६ मीटर येते. बोट असते साधारण ७ मीटर लांबीची. म्हणजे बोटीचे पुढचे टोक लाटेच्या माथ्याकडे चढलेले आणि मागची बाजू खळग्यात रुतलेली! बोट स्वतःच उठवलेला डोंगर चढत असते. याच्या आसपासच्या वेगाला पाण्याचा रोध फार मोठा असतो. वेग पुष्कळ वाढवला तर बोट पाण्यावर उचलली जाते आणि तिच्यामागच्या लाटा लहान होतात. म्हणूनच वॉटर स्कीइंगची बोट ताशी ५० किलोमीटरच्याही वर पळते, तर वेकसर्फिंगची बोट १६ ते २० च्या दरम्यान रेंगाळते. जहाजाचा कप्तान जो वेग टाळील, तोच येथे मुद्दाम निवडतात.

या छोट्याशा पट्ट्यातही केवढा फरक पडतो पाहा. ताशी १६ किलोमीटरला तरंगलांबी सुमारे १२॥ मीटर, तर २० ला सुमारे २० मीटर! लाट आखूड आणि उभी हवी तर वेग किंचित कमी करा; लांब आणि सौम्य हवी तर किंचित वाढवा. यासाठी एक किलोही वजन वाढवावे लागत नाही.

आता वजन. आर्किमिडीजचा सिद्धान्त तुम्हाला ठाऊक आहेच. बोट जितकी जड, तितके अधिक पाणी ती बाजूला सारते आणि तितकी मोठी लाट उठते. म्हणून दोन-अडीच टनांच्या बोटीतल्या टाक्यांमध्ये टन-दोन टन पाणी भरतात. परंतु वजन किती, याइतकेच ते कोठे, हेही महत्त्वाचे असते. मागे भरले तर लाट उंच पण आखूड होते. थोडे पुढे सरकवले तर ती लांबते. आणि उत्पादकाने लिहून दिलेली वजनाची मर्यादा कधीही ओलांडू नये. जड बोटीचा काठ पाण्याला टेकू लागला की आर्किमिडीजही वाचवू शकत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत चतुराईची. बोट पुढे सरकताच तिच्यामागे पाण्यात खळगा पडतो. तो भरायला दोन्ही बाजूंनी पाणी धावते, मध्ये एकमेकांवर आदळते आणि नुसता फेस होतो. पूर्वी सगळे वजन एका बाजूला भरून बोट कलती करीत, म्हणजे त्या बाजूची लाट स्वच्छ मिळे. पुढे एक नामी युक्ती निघाली. बोटीच्या मागच्या एका बाजूला लहानसे पाते बाहेर काढायचे. त्या बाजूचे पाणी जरा उशिरा खळग्यात पोहोचते, आणि दुसऱ्या बाजूची लाट विनाअडथळा, गुळगुळीत तयार होते. बोट सरळच राहते. टनभर वजनाने जे साधत असत, ते हातभर पात्याने साधले! अभियांत्रिकी म्हणतात ती याला.

आता लाटेचे पुढे काय होते ते पाहू. खेळाडू पाण्यात पडला तरी लाट थांबत नाही. ती काठाकडे निघते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट. ती अखेर काठावरची माती, तेथील वनस्पती, बांधून ठेवलेल्या होड्या यांच्यावर आदळते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने या लाटा प्रत्यक्ष मोजल्या आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या बोटीची लाट ६० मीटरांवर जितकी उरते, तितकी खाली येण्यासाठी वेकसर्फिंगच्या लाटेला १५० मीटरांहून अधिक अंतर लागते.

खोलीचेही असेच. पाणी अडीच मीटर खोल असेल तर तेथे लाटेचा वेग सेकंदाला ५ मीटरपलीकडे जाऊच शकत नाही, म्हणजे बोटीच्या वेगाइतकाच! अशा उथळ पाण्यात लाट बिघडते, आणि शिवाय बोटीचा पंखा तळचा गाळ ढवळून काढतो. व्हरमाँट राज्याने २०२४ साली नियम केला, तो असा की काठापासून ५०० फूट दूर आणि किमान २० फूट खोल पाण्यातच हा खेळ खेळावा. काही बोटवाल्यांना हा जाच वाटला. पण पाहा, खोल पाण्यात लाटही चांगली मिळते. जे तळ्याच्या हिताचे, तेच येथे खेळाडूच्याही हिताचे आहे.

"मग हा खेळ बंदच का करू नये?" असे कोणी विचारतील. मला ते पटत नाही. माणसाने खेळावे, पाण्यावर तर जरूर खेळावे. मात्र पंखा मागे उघडा असलेल्या बोटीपाठी हा खेळ कधीही खेळू नये, आणि एंजिनाच्या विषारी धुरापासून दूर राहावे. एका तळ्यातले पाणी टाकीतून दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव अशाच प्रवासाने पसरतात. आणि काठ हाही आपल्या प्रयोगाचा भाग आहे, हे विसरू नये.

तुमच्यापैकी फार थोड्यांना अशी बोट पाहायला मिळेल. हरकत नाही. पाण्याने भरलेल्या परातीत एक पट्टी उभी धरून सावकाश, मग भरभर ओढा. लाटा कोठे मोठ्या होतात ते पाहा. आणि पट्टी थांबल्यावरही परातीचा काठ किती वेळ थरथरतो, तेही अवश्य पाहा.