जुनी गाडी, नवे सल्ले

गाडी जुनी झाली की सल्ले नवे येऊ लागतात. चाळीसगावात माझी फियाट रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिचे बॉनेट उघडे असले, की पाच मिनिटांत चार माणसे जमतात. एखाद्याला वडिलांची गाडी आठवते, एखाद्याला स्वतःच्या लग्नाची वरात. मग सल्ले सुरू होतात. पूर्वी ते कार्बोरेटरचे असत. अलीकडे मात्र एकच सूर ऐकू येतो, "इरिडियमचे प्लग टाका, लाल रंगाच्या रेसिंग वायरी टाका, गाडी नुसती उडेल!"

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण नुकतीच पन्नाशी ओलांडलेल्या या गाडीला उडायचे नाही. तिला कन्नडचा घाट न धापता चढायचा आहे आणि पावसाळ्याच्या सकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायचे आहे. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. जुन्या गाडीला तिच्या इंजिनाने मागितलेला प्लग आणि तिच्या इग्निशनला मानवेल ती वायर घालावी. ती कोणती, हे जाहिरातीला न विचारता गाडीच्या पुस्तकाला आणि काढलेल्या जुन्या प्लगला विचारावे.

"फियाट म्हणजे काही स्पोर्ट्स कार नव्हे, तिच्या प्लगचे एवढे कौतुक कशाला?" असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने तीच गाडी बाहेर पडू लागली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. फियाटच्या याच घराण्यातले, याच मापाचे इंजिन घेऊन इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर 'चिसिटालिया २०२' नावाची स्पोर्ट्स कार तयार झाली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये मोटारींचे प्रदर्शन भरवले, तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती.

याच चिसिटालियाची एक गोष्ट आमच्या विषयाला अगदी चपखल बसते. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत पन्नाशी उलटलेला तात्सिओ नुवोलारी ही चिमुकली उघडी गाडी घेऊन मोठमोठ्या गाड्यांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात मुसळधार पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरले, ठिणगी पडेना. ते सुकवून गाडी सुरू करण्यात जो वेळ गेला, त्यात पहिला क्रमांक हातचा गेला. तो दुसरा आला. इंजिन शाबूत, चालक जगातला नामांकित, पण वीज प्लगपर्यंत पोहोचली नाही. आपल्या रोजच्या गाड्याही बहुतेक वेळा याच कारणाने रस्त्यात उभ्या राहतात आणि आपण मात्र बोअर-पिस्टनच्या गोष्टी करू लागतो.

ठिणगीचा प्रवास समजायला अवघड नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. पॉइंट उघडले की तिथून कित्येक हजार व्होल्ट बाहेर पडतात. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरत फिरत ते ज्याचा नंबर असेल त्या सिलिंडरच्या वायरीत सोडतो आणि प्लगच्या टोकाशी, साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीत, ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा हे काम करतो. गाडीतल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक, आणि राबणूक मात्र अशी!

आता प्लगची निवड. इथे सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याचा 'हीट रेंज', आणि दुकानात नेमके त्याविषयीच कुणी बोलत नाही. आमच्या खान्देशातल्या गृहिणींना तो लगेच कळेल. खापरावर मांडे करताना खापर नीट तापले नाही तर मांडा चिकटतो, जास्त तापले तर करपतो. प्लगच्या टोकाचेही तसेच आहे. ते साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले नाही, तर काजळी आणि तेल जळून जात नाही, प्लग काळा पडतो आणि गाडी मिसिंग करू लागते. ते ८५०-९०० अंशांच्या पलीकडे गेले, तर लालभडक टोकच ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवते. इंजिन आतून ठोके देते आणि वेळीच थांबले नाही तर पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते.

हे तापमान ठरते प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनी मातीच्या नाकावर. नाक लांब असेल तर टोकाची उष्णता हेडपर्यंत पोहोचायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहते. तो 'हॉट' प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. तो 'कोल्ड' प्लग. नुसते घर ते बाजार अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा प्लग जेमतेम तापतो. तीच गाडी मे महिन्याच्या उन्हात, पाच माणसे आणि डिकीत आंब्याची पेटी घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये कन्नडचा घाट चढू लागली, की त्याच प्लगची कसोटी लागते. कंपनीने सांगितलेला नंबर हा या दोन टोकांमधला विचारपूर्वक काढलेला मध्य असतो. 'रेसिंग'च्या नावाखाली खूप कोल्ड प्लग गावातल्या गाडीला घातला तर तो आठवड्यात काळा पडेल. बदल करायचाच झाला तर एका पायरीचा करावा, आणि तोही प्लग पाहून.

नंबरांचा घोळ वेगळाच. जपानी एनजीकेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग कोल्ड. बॉशच्या आजच्या पद्धतीत उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग हॉट. आणि जुन्या मायको-बॉशच्या १४५, १७५ अशा तीन आकडी नंबरांत पुन्हा मोठा आकडा म्हणजे कोल्ड! नाशिकच्या मायको सर्कलमुळे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेली ही 'मायको' २००८ पासून कागदोपत्री बॉश झाली, पण जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत जुनेच नंबर छापलेले आहेत. म्हणून "सातच्या जागी सात द्या" असे म्हणून एका कंपनीच्या जागी दुसरीचा प्लग घेऊ नये. दुकानदाराकडून तुलनेचा तक्ता मागून घ्यावा. आट्यांची लांबीही जुळवून पाहावी. लांब आट्यांचा प्लग आखूड भोकात घातला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर इंजिन थंड असताना, आधी हाताने आटे बसवून मगच पाना लावावा. आटे गेले तर स्वस्तातला प्लग महागात पडतो.

प्लग काढून त्याचा रंग वाचणे ही जुन्या मिस्त्रींची खरी विद्या. आमचे मिस्त्री प्लग उजेडात धरून म्हणत, "भाऊ, हा खोटं बोलस नही." फिकट तपकिरी असेल तर सारे आलबेल. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ओले, तेलकट काळे असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हकडे पाहा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा टोक फार तापते आहे. या वाचनात आता एक भर घालायला हवी. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि चांगल्या प्लगचा रंगही पूर्वीपेक्षा फिका दिसू लागला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण पातळ होते आणि प्लग आणखी पांढरा दिसू शकतो. अशा वेळी प्लग बदलण्याआधी कार्बोरेटरचे जेट तपासायला हवे, नाही तर रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

वायरींचे शास्त्र याहून सोपे. पॉइंटच्या जुन्या इग्निशनला तांब्याच्या तारेची, ७ मिलिमीटर जाडीची वायर उत्तम. आवरण सिलिकॉनचे मिळाले तर जरूर घ्यावे, कारण ते इंजिनाची उष्णता सहन करते. एवढी एक नवी सोय मी आनंदाने स्वीकारली आहे. नुसत्या तांब्याच्या वायरीने मीडियम वेव्हच्या रेडिओत करकर होते, त्यासाठी प्लगच्या टोपीत किंवा प्लगमध्ये रेझिस्टर असतो. तो एका ठिकाणी पुरे. टोपीत रेझिस्टर, प्लगमध्ये रेझिस्टर आणि वायर पुन्हा कार्बनची, असे तिन्हीकडे अडथळे घातले तर जुन्या कॉइलची ठिणगी दुबळी होते. मात्र कुणी गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल तर हिशेब उलटतो. तिथे रेझिस्टरची वायरच हवी, कारण नुसत्या तांब्याच्या वायरीतून उठणारी विद्युत खरखर त्या यंत्रणेला गोंधळात टाकते. जाडजूड 'रेसिंग' वायर तर कित्येकदा जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये नीट बसतही नाही, आणि ढिल्या वायरीपेक्षा जुनी वायर बरी.

परीक्षा घरच्या घरी होते. अंधाऱ्या रात्री, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन चालू करून बॉनेट उघडावे आणि लांबूनच पाहावे. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी गेल्या असे समजावे. हात मात्र लावू नये. झटका जबरदस्त बसतो.

इरिडियमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. त्याचे टोक बारीक असल्याने ठिणगीला कमी व्होल्ट लागतात आणि तो टिकतोही खूप. नव्या गाड्यांत, जिथे प्लगपर्यंत पोहोचायलाच अर्धे इंजिन उघडावे लागते, तिथे तो योग्यच आहे. पण फियाटचा प्लग पाच मिनिटांत निघतो, आणि तो अधूनमधून काढून पाहण्यातच इंजिनाचे आरोग्य कळते. 'लाख किलोमीटर विसरून जा' ही नव्या गाडीची सोय जुन्या गाडीत गैरसोय ठरते. शिवाय महाग प्लगांच्या नकला जास्त निघतात. एका दुकानातून मी नामांकित खोक्यातले चार प्लग आणले होते. चारही प्लगांचे मधले टोक चार दिशांना तिरके. खोके सुंदर होते!

सांगायचा मुद्दा प्लगपुरता नाही. २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपात राखलेल्या, पन्नास वर्षांवरील गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता ज्या गाड्या उरल्या आहेत त्या घरोघरच्या अंगणांत, ताडपत्रीखाली आहेत. त्यांतल्या कित्येक "इंजिन बसले" म्हणून भंगारात जातील आणि त्यांतल्या काहींचे दुखणे चार प्लग, पाच वायरी आणि एक कॅप एवढेच असेल. ते ओळखणारे मिस्त्री थकत चालले आहेत आणि त्यांच्या हाताखाली प्लगचा रंग वाचायला शिकणारे कुणी नाही.

म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या रविवारी नवे काही विकत आणू नका. प्लगचा पाना, फीलर गेज आणि घरातले एखादे पोरगे सोबत घ्या. चारही प्लग काढा, वायरींवर नंबर टाकायला विसरू नका, आणि प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडून त्यांचा रंग त्या पोराला वाचायला लावा. दुकानात काय मागायचे ते त्यानंतर ठरवा.