यंत्र आलं, देखभालीचं काय?

पेठ, ता. आंबेगाव (वार्ताहर) : भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ ला पहाटे आग लागली, १० बाळं दगावली. अशा कक्षात बाळांना ऊब देणारे वॉर्मर, एसी रात्रंदिवस चालतात. देखभाल चुकली की जिवावर बेततं.

आपल्या आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिजही तसाच. तापमान २ ते ८ अंश हवं. बिघडलेली लस बघून ओळखू येत नाही, म्हणून रोज दोनदा तापमान लिहून ठेवायचं असतं.

हंगामाआधी आपण विहिरीची मोटर, स्टार्टर, वायर तपासतोच ना? मग येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : शेवटची तपासणी कधी झाली, बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येतं आणि नोंदवही कुठंय?