राणीचा हार आणि रंगांचा ताळमेळ

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सूर्य समुद्राआड गेला की अर्ध्या तासात एक निराळेच शहर उभे राहते. नरिमन पॉइंटच्या टोकावरून उत्तरेकडे पाहिले असता उजव्या हाताला १९३० व १९४० च्या दशकांतील आर्ट डेको इमारतींची रांग दिसते. तिच्यामागे ताडदेवचे जुळे मनोरे, समोर गिरगाव चौपाटी, डावीकडे मलबार हिलचा समुद्रात उतरत गेलेला डोंगर, आणि या साऱ्यांना कवेत घेणारी सुमारे साडेतीन किलोमीटरची दिव्यांची कमान. ‘राणीचा हार’ हे नाव याच कमानीचे. हे दृश्य एका नजरेत मावत नाही, तसेच कॅमेऱ्याच्या एका चौकटीतही मावत नाही. म्हणून पाच-सात छायाचित्रे घेऊन ती संगणकावर सलग जोडावी लागतात. त्यालाच पॅनोरमा म्हणतात. एकेकाळी मोजक्या व्यावसायिकांपुरता असलेला हा उद्योग आज खिशातल्या मोबाइलपर्यंत आला आहे. त्याबरोबरच एक प्रश्नही आला आहे. टिपलेल्या दृश्यावर संगणकात किती संस्कार करावेत?

या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. काहींच्या मते छायाचित्राला हातच लावू नये, तर काहींच्या मते छायाचित्र ही कला असल्याने कलावंताला सर्व मुभा असावी. बँकेच्या खतावणीशी परिचय असलेल्या कोणालाही ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतील. खतावणीत चूक झाली तर ती तशीच ठेवता येत नाही आणि खरवडून पुसताही येत नाही. चुकीच्या आकड्यावर रेघ ओढून योग्य आकडा लिहायचा व शेजारी आद्याक्षरी करायची, ही जुनी शिस्त होय. आजच्या संगणकीय व्यवहारातही चुकीची नोंद पुसली जात नाही, तिच्यासाठी उलट नोंद केली जाते. दुरुस्ती आणि खाडाखोड यांतील हाच भेद रात्रीच्या नगरचित्रालाही लागू पडतो.

प्रथम हे मान्य करावयास हवे की रात्रीच्या पॅनोरमात दुरुस्ती अटळ आहे. सूर्यास्तानंतरची पहिली वीस-तीस मिनिटे या कामी मोलाची असतात. तेव्हा आकाशात गडद निळाई शिल्लक असते, दिवे लागलेले असतात आणि दोहोंची तीव्रता जवळपास जुळते. त्यानंतर आकाश काळेकुट्ट होते व इमारतींच्या कडा त्यात विरून जातात. जाणकार छायाचित्रकार कॅमेरा ट्रायपॉडवर उभा बसवतो, आयएसओ १०० व अ‍ॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवतो आणि शटर आठ-दहा सेकंद उघडे राहू देतो. प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीवर सुमारे एक-तृतीयांश चढलेली असावी लागते. प्रकाशमान, फोकस आणि रंगसंतुलन या तिन्ही गोष्टी सर्व चौकटींसाठी एकदाच ठरवाव्या लागतात. त्या यंत्रावर सोपवल्या तर जोडलेल्या आकाशात ठिगळे दिसू लागतात.

इतके करूनही काही दोष उरतातच. किनाऱ्यालगतचे टेट्रापॉड दोन चौकटींत किंचित सरकलेले दिसतात. कॅमेरा आपल्या बुडाभोवती न फिरता भिंगात प्रकाश जेथून शिरतो त्या बिंदूभोवती फिरला, तरच हा दोष टळतो. धावती मोटार एका चौकटीत अर्धी आणि दुसरीत पूर्ण येते. क्षितिज तिरके होते. दिवे भगभगीत पांढरे पडतात, तर समुद्र डोळ्यांना दिसला त्याहून काळा उमटतो, कारण तीव्र उजेड आणि दाट अंधार एकाच वेळी सामावून घेण्याची मानवी दृष्टीची क्षमता कॅमेऱ्यात नाही. क्षितिज सरळ करणे, अर्धी मोटार काढून पूर्ण मोटार असलेली चौकट निवडणे, दिव्यांची तीव्रता उतरवून सावल्यांतला तपशील वर आणणे ही सारी दुरुस्ती होय. तिच्यामुळे चित्र प्रत्यक्षाच्या अधिक जवळ जाते.

खाडाखोड कोठे सुरू होते, हे मात्र याच राणीच्या हाराच्या उदाहरणावरून समजते. कित्येक वर्षे येथे सोडियमचे सोनेरी-पिवळे दिवे होते. २०१५ च्या आरंभी त्यांच्या जागी पांढरे एलईडी दिवे बसविले गेले. वीज वाचली, पण हाराची झळाळी गेली, अशी तक्रार झाली. त्यावरून वाद रंगला आणि अखेर पिवळसर छटेचे एलईडी दिवे आले. म्हणजे या कमानीने अल्पावधीत आपला रंग बदलला आणि पुन्हा बदलला. आता असे पाहा की संगणकावरील रंगसंतुलनाची एक पट्टी सरकवली की जुना सोनेरी हार पांढरा होतो आणि २०१५ चा पांढरा हार सोनेरी. बदल करणाऱ्याला तो सौंदर्याचा वाटतो. परंतु पंचवीस वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला त्या रात्री मुंबईचे दिवे कसे होते, याची खोटी साक्ष मिळते.

साधनांची शक्ती वाढत आहे, तसा हा धोकाही वाढत आहे. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये संपूर्ण आकाश बदलण्याची सोय आली. २०२३ मध्ये तर नुसत्या शब्दांच्या सूचनेवरून नसलेल्या वस्तू चित्रात निर्माण करण्याची सोय झाली. त्यामुळे मलबार हिलवर न उगवलेला पूर्णचंद्र आणणे आणि क्षितिजावरील बांधकामाच्या क्रेन पुसणे हे काही क्षणांचे काम झाले आहे. क्रेन दिसायला सुंदर नसते, हे खरे. पण वाढत्या शहराच्या हिशोबात ती त्या दिवसाची नोंद असते, आणि नोंद आवडत नाही म्हणून पान फाडता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. दहा सेकंद उघड्या राहिलेल्या शटरमुळे लाटा धुक्यासारख्या मऊ होतात, मोटारींच्या दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेषा उमटतात. असे दृश्य कोणाच्याही डोळ्यांनी पाहिलेले नसते. मग सत्याचा आग्रह कशाला? याचे उत्तर असे की, त्या दहा सेकंदांत जो प्रकाश खरोखर तेथे होता, तोच साठवला जातो. कॅमेरा बेरीज करतो, पण पदरची रक्कम घालत नाही. न उगवलेला चंद्र ही मात्र पदरची रक्कम आहे.

अशा नोंदीचे मोल लगेच कळत नाही. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराचा १३ भागांचा विशाल पॅनोरमा टिपला. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत त्या शहराचा मोठा भाग नष्ट झाला. गेलेले शहर कसे होते हे आज ज्या चित्रांतून कळते, त्यांत हा पॅनोरमा महत्त्वाचा आहे. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. त्यांच्या पाठीमागचे क्षितिज मात्र वर्षागणिक उंच होत आहे. आज हौसेने टिपलेला पॅनोरमा उद्याचा दस्तऐवज ठरू शकतो.

म्हणून संपादनाला विरोध नसावा. त्याला शिस्त असावी. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फाइल्स व्हाउचरप्रमाणे जपाव्यात आणि संस्कार त्यांच्या प्रतीवर करावेत. चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि केलेले मोठे बदल दोन ओळींत नोंदवावेत. कल्पनाचित्र करावयाचे असल्यास खुशाल करावे, पण त्यावर तसे लिहावे. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिमपूर्व फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे मूळ फाइलशी पडताळून पाहिल्यावर बाद ठरली. हौशी छायाचित्रकारावर असा परीक्षक नसतो. दिवसअखेर रोकड आणि वही जुळवून पाहणाऱ्याला जो निर्धास्तपणा लाभतो, तो आपल्या चित्राचा मूळ दृश्याशी ताळमेळ घालणाऱ्यालाही लाभावा. त्या रात्री हार जसा लखलखत होता, तसाच तो पुढच्या पिढीच्या हाती पडावा, एवढीच अपेक्षा.