विक्रम पुरे, वन हवे

इंदूरच्या कृष्णपुऱ्यात कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या स्मृतींना वाहिलेल्या या वास्तूंचे कोरीव काम पाहून प्रवासी थक्क होतो. शेजारच्या नदीची दशा पाहून मात्र त्याला मान फिरवावी लागते. स्वच्छतेत २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे देशात पहिला क्रमांक राखणाऱ्या शहराला हे शोभत नाही.

याच शहराने १४ जुलै २०२४ रोजी रेवती टेकडीवर एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम नोंदविला. उत्साहाचे कौतुकच आहे. परंतु रोप लावणे हा सोहळा असतो, ते जगविणे हे व्रत असते. आणि व्रताची छायाचित्रे निघत नाहीत.

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांनी हे व्रत शास्त्रात बसविले. देवस्थानांभोवती राखलेल्या जुन्या वनांत त्यांना मूळ निसर्गाचा पुरावा सापडला. आपल्या कोकणातील देवराया याहून वेगळे काय सांगतात? माती मोकळी करून तीत सेंद्रिय खत मिसळावयाचे, वृक्ष, लहान झाडे व झुडपे यांची स्थानिक जातींची रोपे चौरस मीटरला तीन-चार याप्रमाणे एकत्र लावावयाची, आणि दोन-तीन वर्षे पाणी घालून तण काढावयाचे, ही त्यांची रीत. प्रकाशासाठीच्या चढाओढीत झाडे झपाट्याने वाढतात आणि पुढे वन स्वतःचा भार स्वतः वाहते. मुंबई महापालिकेनेही ही पद्धत स्वीकारली आहे.

मात्र ही रीत डोळे मिटून कोठेही राबविणे शहाणपणाचे नव्हे. माळव्याचे मूळ रान पानगळीचे व विरळ. तेथील माळरानांवर गवताचाच अधिकार आहे. दाट झाडी शोभते ती ओल धरणाऱ्या नदीकाठाला. म्हणूनच कान्हच्या काठी जेथे जेथे मोकळी जागा उरली आहे, तेथे अर्जुन, जांभूळ, करंज यांची छोटी वने व्हावीत, असे आम्हांस वाटते. छत्र्यांपासून मात्र पुरेसे अंतर राखावे. वड-पिंपळांची मुळे दगडी बांधकामाचे सांधे उकलतात, हे विसरू नये.

वनाने सांडपाणी थांबणार नाही. ते नाल्यांतच अडवावे लागेल. कान्हचे पाणी पुढे क्षिप्रेस मिळते आणि उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, एवढे स्मरण पुरे. तसेच, नवे वन लावले म्हणून जुना वृक्ष तोडण्याचा परवाना मिळत नाही. शंभर वर्षांच्या सावलीची भरपाई वीतभर रोपांनी होत नसते.

महापालिकेने लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर केले, आता जगलेल्या झाडांचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. विक्रमाची नोंद पुस्तकात राहते. वनाची नोंद पुढील पिढी सावलीत बसून घेते. इंदूरने या दुसऱ्या नोंदीची हाव धरावी.